एकशेवीस तासांची माणुसकी

डिसेंबर उजाडला, की मतिमंद मुलांच्या शाळांना एकाएकी पुष्कळ आप्त लाभतात. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली ३ डिसेंबर हा दिवस अपंगांसाठी नेमून दिला आणि तेव्हापासून आपल्याकडे तो पाळण्याची एक ठराविक रीत पडून गेली आहे. महाविद्यालयाची बस येते. पुढे फलक धरलेले दोन विद्यार्थी, मागे चाळीस-पन्नास. केळी वाटली जातात. आमच्या खानदेशात वाटण्यासाठी केळ्यांइतके सोयीचे दुसरे काही नाही. शाळेतील मुले बसवून घेतलेले नृत्य सादर करतात, पाहुणे टाळ्या वाजवतात, प्राध्यापक महोदय ‘ही तर देवाघरची फुले’ असे काहीसे बोलतात, छायाचित्र निघते आणि चारच्या सुमारास बस परत फिरते. तीन आठवड्यांनी, नाताळच्या तोंडावर, आपल्याच धर्मग्रामांतील युवक मंडळे केक घेऊन त्याच दारात उभी राहतात. तेव्हा हा दोष केवळ इतरांचा आहे, अशा समजुतीने वाचकांनी पुढचे वाचू नये.

आम्हांला या भेटी मान्य नाहीत. केळ्यांविषयी आमची तक्रार नाही, केकविषयीही नाही. तक्रार आहे ती या भेटींना ‘मैत्री’ म्हणण्याविषयी. अलीकडे हा शब्द फार स्वस्त झाला आहे. ‘विशेष मित्रांसमवेत एक दिवस’ अशा अर्थाचे फलक आम्ही स्वतः वाचले आहेत. एक दिवस! वर्षातून एकदा, पन्नास जणांच्या घोळक्यातून, नावही न विचारता ज्याच्याशी आपण दोन शब्द बोललो, त्याला मित्र म्हणण्याचे धाडस आपल्याच वर्गातील एखाद्या मुलाच्या बाबतीत आपण केले असते काय?

राष्ट्रीय सेवा योजनेला नावे ठेवणे सोपे आहे. म्हणून तिच्याविषयी आधी नीट बोलू. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ती सुरू झाली. विद्यार्थ्याने वर्षाला एकशेवीस तास, म्हणजे दोन वर्षांत दोनशेचाळीस तास समाजकार्य करावे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावा, असा तिचा नियम. या योजनेतून खेड्यापाड्यांत रस्ते झाले, शोषखड्डे झाले, झाडे लागली, रक्त गोळा झाले. शहरातल्या पुष्कळ मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा कुदळ हाती धरली ती याच शिबिरांत. हे सारे तासांत मोजता येते आणि ते मोजावे. बंधाऱ्याला किती तास लागले असे विचारल्याने बंधाऱ्याचा अपमान होत नाही. पण एखाद्या माणसापाशी आपण किती तास बसलो याचा हिशेब वहीत लिहायचा, त्यावर प्राध्यापकांची सही घ्यायची आणि ती वही वर्षअखेरीस पुढे करायची, यात त्या माणसाचा बंधारा होतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने ही वही अधिक जाड केली आहे. महाराष्ट्रात २०२३ साली ठरलेल्या पदवीच्या आराखड्यात सामुदायिक सहभागाच्या प्रकल्पालाही श्रेयांक ठेवण्यात आले. हेतू चांगला आहे, यात शंका नाही. तथापि जो श्रेयांकासाठी येतो तो श्रेयांक मिळाल्यावर जातो. मागे जो राहतो त्याला श्रेयांक म्हणजे काय ते ठाऊक नसते. त्याला एवढेच कळते, की दर शनिवारी येणारा तो मुलगा आता येत नाही.

मुळात हा प्रश्न महाविद्यालयांपुढे का मांडायचा? विशेष शाळांतील शिक्षिका आहेत, शासनाचे खाते आहे, पालकांच्या संघटना आहेत. त्यांच्यापुढे का नाही? त्याचे उत्तर अठराव्या वर्षात आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. ठरावीक प्रमाणाहून अधिक अक्षमता असलेल्या मुलाला सहा ते अठरा या वयात विनामूल्य शिक्षणाचा हक्क तो देतो. तोवर मुलाला शाळा असते, शाळेतले सवंगडी असतात, बाई असतात, डबा असतो, सकाळी गाडीची वाट पाहणे असते. अठरा पूर्ण झाली, की बहुतेकांची शाळा सुटते. प्रौढांसाठी कार्यशाळा आहेत. पण त्या थोड्या आणि बहुधा मोठ्या शहरांत. नेमक्या त्याच वयात धाकटा भाऊ किंवा शेजारचा मुलगा बारावी होऊन महाविद्यालयात पाऊल टाकतो आणि मनुष्याच्या आयुष्यात मैत्रीचा जो सर्वांत भरघोस हंगाम, तो त्याच्या वाट्याला येतो. एकाच गल्लीतील दोन तरुण. एक सकाळच्या गाडीने चार मित्रांसह जातो. दुसरा ओट्यावर बसून कोण गेले नि कोण आले ते पाहतो. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमतेच्या रकान्यात देशभर सुमारे पंधरा लाख माणसे नोंदली गेली. घरच्यांनी सांगितलीच नाहीत ती निराळी. त्यांपैकी किती जण अशा ओट्यांवर बसलेले आहेत, हे कोणत्याही जनगणनेत विचारले जात नाही.

भुसावळ हे रेल्वेचे गाव. येथे अशा मुलांच्या पैशाची सोय पुष्कळदा इतर गावांपेक्षा बरी असते. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला रेल्वे कर्मचाऱ्याच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते, आणि त्याचे कागद आपल्या हयातीत पुरे व्हावेत म्हणून कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणारे वडील आम्ही पाहिले आहेत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने कायदेशीर पालक नेमण्याचीही व्यवस्था केली. म्हणजे आई-बापांच्या मागे पैसा कोणी सांभाळावा, सही कोणी करावी, हे ठरवता येते. संध्याकाळी सहा वाजता त्याच्याशी कोण बोलेल, हे कायद्याने ठरवता येत नाही. ते कायद्याचे कामही नव्हे. ते समवयस्कांचे काम आहे.

आपल्या मुलांच्या खेळांत एक जुनी सोय आहे, कच्च्या लिंबाची. लहान किंवा दुबळा मुलगा खेळायला घ्यायचा. पण त्याच्यावर राज्य यायचे नाही, तो बाद व्हायचा नाही, त्याच्या धावा मोजायच्या नाहीत. वरवर पाहता ही दया आहे. पण जो कधी कच्चा लिंबू झाला आहे त्याला विचारावे. आपण खेळात आहोतही आणि नाहीही, हे त्याला पहिल्या डावातच कळते. डिसेंबरात येणारे पाहुणे नेमके हेच करतात. तो जे चित्र काढील ते सुंदर, तो जे बोलेल त्यावर हसायचे, त्याने पेन हिसकावले तरी रागवायचे नाही. ज्याच्यावर बरोबरीचा कोणी कधीच रागावत नाही, त्याला मित्र नाही असे खुशाल समजावे.

याच नावाचा, ‘कच्चा लिंबू’ हा चित्रपट प्रसाद ओक यांनी २०१७ साली काढला. जयवंत दळवींच्या ‘ऋणानुबंध’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. अशा मुलाच्या आई-बापांच्या थकव्याचे इतके खरे चित्र मराठी पडद्यावर विरळाच दिसले असेल. त्याच्या आधी, १९९१ साली, संजय सूरकर यांचा ‘चौकट राजा’ येऊन गेला होता. बालपणीच्या अपघाताने बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू दिलीप प्रभावळकरांनी असा काही उभा केला, की तो आजही घराघरांत आठवतो. पण त्या कथेतील खरा पेच नंदूच्या बुद्धीचा नव्हे. त्याची बालमैत्रीण, आता लग्न होऊन संसारात रमलेली, त्याला पुन्हा भेटते. तिने ही मैत्री पुन्हा पत्करावी की नाही, हा पेच आहे. तिच्या घरात त्यावरून वादळ उठते. म्हणजे ऐन नव्वदीच्या सुरुवातीला मराठी प्रेक्षकापुढे हा प्रश्न स्वच्छ मांडला गेला होता. महाराष्ट्राने तो चित्रपट पाहिला, डोळे पुसले आणि घरी गेला. रडणे आपल्याला फार चांगले जमते.

शिकलेल्या माणसाचा आक्षेप याहून वेगळा असतो. तो म्हणतो, मैत्री बरोबरीच्या माणसांत होते. येथे बुद्धीचीच बरोबरी नाही, तेव्हा याला सेवा म्हणा, करुणा म्हणा, मैत्री म्हणू नका. हा आक्षेप थोर कुळातला आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राचे आठवे आणि नववे पुस्तक संपूर्णपणे मैत्रीला दिले. उपयोगासाठी होणारी, सुखासाठी होणारी आणि सद्गुणांसाठी होणारी असे मैत्रीचे तीन प्रकार त्याने सांगितले. आणि दोघांतील अंतर फारच वाढले तर मैत्री उरत नाही, म्हणूनच माणसाची देवांशी मैत्री संभवत नाही, असेही म्हटले. सेमिनरीत हे पान आम्हांला शिकवले गेले आणि त्याच्या पुढचेही शिकवले गेले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलची बहुतेक परिभाषा स्वीकारली. पण या ठिकाणी ते त्याच्यापाशी थांबले नाहीत. ख्रिस्ती प्रीती म्हणजे माणसाची देवाशी मैत्री, अशी त्यांनी व्याख्याच केली, आणि आधार घेतला तो शेवटच्या भोजनाच्या रात्रीचा, प्रभूने शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हटले त्याचा. अंतर मैत्रीच्या आड येत असेल, तर सर्वांत मोठे अंतर कोणते आहे, याचा विचार आक्षेपकाने करावा. त्या अंतराच्या एका तीरावर देव आहे. दुसऱ्या तीरावर आम्ही, आमचे पदवीधर आक्षेपक आणि ओट्यावर बसलेला तो तरुण, असे तिघेही खांद्याला खांदा लावून उभे आहोत.

शिवाय, महाविद्यालयीन मैत्री बुद्धीच्या जोरावर चालते, हे निदान आम्हांला तरी कोणी सांगू नये. टपरीवरचा अर्धा कप चहा, कालचा क्रिकेटचा सामना, एखाद्या प्राध्यापकाची नक्कल, विनाकारण स्टेशनपर्यंत मारलेली फेरी. यांत तर्कशास्त्राचा कोणता सिद्धांत लागतो? एकमेकांना ठाऊक असणे आणि एकमेकांची वाट पाहणे, एवढ्यावर ती मैत्री उभी असते. वाट पाहण्याच्या बाबतीत बौद्धिक अक्षमता असलेला माणूस आपल्यापेक्षा तिळभरही उणा नसतो.

हेन्री नोवेन या डच धर्मगुरूचे उदाहरण आमच्या पिढीच्या पुरोहितांना परिचित आहे. नोत्र दाम, येल आणि हार्वर्ड येथे अध्यापन केलेला हा माणूस १९८६ साली कॅनडात, टोरांटोजवळच्या ‘डेब्रेक’ या निवासात राहायला गेला. तेथे त्याला काम मिळाले ते ॲडम नावाच्या तरुणाचे. ॲडमला बोलता येत नव्हते. त्याला उठवणे, अंघोळ घालणे, कपडे चढवणे, न्याहरी भरवणे, यांत नोवेनच्या सकाळी जाऊ लागल्या. आरंभी त्याला भीती वाटे. आपल्या हातून काही चुकेल, अशी. पुढे त्याने लिहिले ते मात्र ॲडम आपला मित्र आणि गुरू झाला, असे. १९९६ साली दोघेही निवर्तले. ॲडम आधी, नोवेन काही महिन्यांनी. ज्याला तीन विद्यापीठे पुरली नाहीत त्याने न बोलणाऱ्या माणसाकडून काय घेतले, याचा शोध आमच्या प्राध्यापक मंडळींनी अवश्य घ्यावा. पण त्यासाठी त्यांना रोज सकाळी लवकर उठावे लागेल.

‘डेब्रेक’ हे ‘लार्श’ या चळवळीचे घर. या चळवळीचे नाव घेतले, की एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. जाँ व्हानिये यांनी १९६४ साली उत्तर फ्रान्समधील त्रोस्ली-ब्रय या खेड्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना आपल्या घरात आणून त्यांच्याबरोबर राहायला सुरुवात केली. त्यातून लार्शची घरे देशोदेशी झाली. भारतातले पहिले, ‘आशा निकेतन’, बंगळूर येथे १९७० साली. व्हानिये २०१९ साली वारले. तोवर त्यांना जिवंतपणीच संत मानण्याची रीत पडली होती. २०२० च्या फेब्रुवारीत, लार्शनेच नेमलेल्या चौकशीतून उघड झाले, की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्यांनी किमान सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. २०२३ च्या अहवालात ही संख्या किमान पंचवीस झाली. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींवर त्यांनी असा अत्याचार केल्याचा पुरावा मिळाला नाही. पण यात समाधान मानण्यासारखे काही नाही.

आपल्या प्रवचनांतून पूर्वी व्हानिये यांचे नाव वारंवार येई. आता ते गुपचूप वगळले जाते. आम्हांला हे वगळणे पटत नाही. त्यांच्या वर्तनातून जो धडा मिळतो तो याच विषयाचा आहे. ज्याच्या चांगुलपणाला कोणी प्रश्न विचारीत नाही, त्याच्यापुढे दुबळा माणूस सर्वांत असुरक्षित असतो. म्हणून महाविद्यालयातील मुलाने वा मुलीने अशी मैत्री करावी ती उघड्यावर: घरच्या माणसांना ठाऊक असावी, अंगणात, बाजारात, चर्चच्या आवारात, चारचौघांत असावी, आणि त्याची किंवा तिची नापसंती दिसली तर तिला मान असावा. बोलता न येणाऱ्यालाही ‘नको’ म्हणता येते. हात मागे घेणे, तोंड फिरवणे, हीच ती भाषा. जो मित्र आहे तो ती महिन्याभरात शिकतो.

पण याच गोष्टीचा आधार घेऊन काही पालक आणि संस्थाचालक दारे लावून घेऊ पाहतात. बाहेरचा कोणी नकोच, असे म्हणतात. त्यांना आम्ही शिरूरची आठवण देऊ. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय संस्थेत राहणाऱ्या मतिमंद स्त्रियांवर फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. कारण सांगितले गेले ते पाळीच्या दिवसांतील स्वच्छतेचे. अकराजणींवर शस्त्रक्रिया होऊन गेल्यानंतर महिला संघटनांनी आवाज उठवला आणि पुढच्या थांबल्या. त्या काळी वर्तमानपत्रांत त्यावर पुष्कळ वाद झाला. वैद्यकीय बाजू, कायद्याची बाजू, संस्थेच्या अडचणी, सारे लिहून आले. आमच्या मनात मात्र तेव्हापासून एकच प्रश्न आहे. त्या अकराजणींपैकी एकीची जरी बाहेर एखादी समवयस्क मैत्रीण असती, दर आठवड्याला येणारी, ‘ती आज दिसत नाही, कोठे आहे?’ असे दारावर विचारणारी, तर? डिसेंबरात फळे घेऊन येणाऱ्याला एखादी दिसली नाही हे कळत नाही. कारण आधी कोण होते हेच त्याला ठाऊक नसते. लावलेल्या दारामागे माणूस सुरक्षित राहतो, ही समजूत आपण सोडून दिलेली बरी.

पालकांची आणखी एक भीती आहे आणि तिच्यापुढे आमचाही आवाज खाली येतो. आमच्या परिचयातील एका आईने, आमच्याच युवक मंडळाच्या मुलांना, दारातच सांगितले: “येणार असाल तर येत राहा. चार वेळा येऊन थांबणार असाल तर आजच परत फिरा.” तिचा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. पूर्वी कोणा एका महाविद्यालयातील विद्यार्थिनी काही शनिवार त्याच्याकडे येत असे. पत्ते खेळे, त्याला गाणी ऐकवी. परीक्षा आली, येणे थांबले. कोणी सांगितले नाही, की आता थांबले. पुढे किती तरी शनिवार तो पाच वाजता प्लास्टिकची खुर्ची दाराबाहेर नेऊन ठेवीत होता. एक स्वतःसाठी, एक तिच्यासाठी. आईने दुसरी खुर्ची उचलून आत आणली, की तो पुन्हा नेऊन ठेवी. त्या मुलीला याची वार्ताही नसेल. तिच्या वहीवर मात्र सही झाली असेल.

या आईला उत्तर काय द्यावे? मैत्रीत ताटातूट असतेच, असे म्हणून तिची समजूत घालणे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते. ताटातूट निराळी आणि नाहीसे होणे निराळे. भुसावळातून निम्मी मुले पुढे पुण्याला, मुंबईला, सुरतेला जातात. जावे. पण जाण्याआधी महिनाभर त्याला सांगावे. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. जायच्या दिवशी त्याला फलाटावर न्यावे, गाडी दाखवावी, डब्यातून हात हलवावा. आपल्या गावाला हे काही शिकवायला नको; अर्धे गाव फलाटावरच निरोप घेत वाढले आहे. आणि नंतर फोन करावा. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही आता फोनवरच्या छायाचित्रावर बोट ठेवून मित्राचा चेहरा पाहता येतो. पूर्वीच्या विद्यार्थ्यांना ही सवलत नव्हती. आजच्यांना सबब उरलेली नाही.

अमेरिकेत १९८९ साली जॉर्जटाउन विद्यापीठात अँथनी श्रायव्हर या विद्यार्थ्याने ‘बेस्ट बडीज’ ही संघटना काढली. त्याच्या आईने, युनिस केनेडी श्रायव्हर यांनी, १९६८ साली ‘स्पेशल ऑलिम्पिक्स’ सुरू केले होते. आईने खेळाचे मैदान दिले. मुलाला दिसले, की मैदानाबाहेर या खेळाडूंना मित्र नाहीत. त्याची रीत साधी: एक विद्यार्थी, एक मित्र, आठवड्याला बोलणे, महिन्याला दोनदा भेटणे. जोड्या लावून कोठे मैत्री होते काय, असे कोणी विचारील. ज्या देशात पत्रिका पाहून, दोन कुटुंबांनी बैठक घेऊन लावलेल्या जोड्यांना पुढे प्रेम म्हणतात, त्या देशात तरी हा प्रश्न विचारू नये. पन्नास जणांनी पन्नासांना भेटण्यापेक्षा एकाने एकाला भेटावे, हे त्या रीतीतले मर्म आम्हांला पटते. शैक्षणिक वर्षाला बांधलेली मुदत पटत नाही.

आपल्याकडे मुंबईत सोफिया महाविद्यालयाच्या आवारात १९७३ पासून ‘साधना’ ही विशेष शाळा आहे. धर्मभगिनींच्या संस्थेने एकाच फाटकाच्या आत पदवीच्या विद्यार्थिनी आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले, दोघांना जागा दिली. फाटक एक असले म्हणजे मैत्री होतेच असे नाही. पण भेटीसाठी बस करावी लागत नाही, बॅनर लागत नाही, रोजच्या येण्या-जाण्यात चेहरे ओळखीचे होतात. खानदेशातील एखाद्या महाविद्यालयाने आपल्या विस्तीर्ण आवारातील चार खोल्या अठरा वर्षांवरील मुलांच्या कार्यशाळेला का देऊ नयेत? आपल्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव देण्यात आले. आसोद्याची ही शेतकरीण निरक्षर होती. निरक्षरता आणि बौद्धिक अक्षमता या अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि दोहोंची गल्लत करण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच म्हणायचे आहे, की ज्या विद्यापीठाने आपल्या दारावर शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे नाव अभिमानाने कोरले, त्याने परीक्षेत बसू न शकणाऱ्या माणसाला आवारात पाहून संकोचू नये.

तोवर तरुणांनी विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही. हिवाळ्यात आमच्याकडे भरीत पार्ट्या होतात. कोणाच्या तरी शेतात काट्याकुट्यांवर वांगी भाजली जातात, कळण्याच्या भाकरी येतात, सगळा वर्ग जमतो. आम्ही युवकांना विचारतो: गेल्या हिवाळ्यात तुमच्या पार्टीला तुमच्या गल्लीतला ‘तो’ होता काय? ज्याला तुम्ही लहानपणी ‘भैताड’ म्हणून चिडवत होता, आणि आता सुसंस्कृत झाल्यावर ‘दिव्यांग’ म्हणता, तो? शब्द सुधारला, पण आमंत्रण गेले नाही. त्याला वांगी सोलायला बसवले असते, त्याने अर्धी सांडली असती, तुम्ही ओरडला असता, त्यानेही तोंड फुगवले असते. मग दोघांनी एकाच परातीतून खाल्ले असते.

रेल्वेच्या नियमात यासाठी एक शहाणपणाची तरतूद आहे. सोबत्यावाचून प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक अक्षम प्रवाशाला शयनयान वर्गात पंचाहत्तर टक्के सवलत मिळते आणि तेवढीच त्याच्या एका सोबत्यालाही मिळते. बहुतेक घरांत ही सवलत दवाखान्याला जाण्यासाठी, आईबरोबर, वापरली जाते. सप्टेंबरात वांद्र्याच्या जत्रेला जाणाऱ्या आमच्या मुलांनी ती वापरून पाहावी. अट एकच: त्याच्या तिकिटाचे पैसे वर्गणीतून जमवू नयेत. त्याचे त्याच्या घरून यावेत, तुमचे तुमच्या. परतताना चहा त्याने पाजावा.

आमच्या धर्मग्रामात अशी चार घरे आहेत. युवक मंडळाच्या सभेत आम्हांला विचारण्यात आले, की यासाठी नावनोंदणी कोठे करायची, आणि काही प्रमाणपत्र मिळेल काय. रजिस्टर आम्ही ठेवलेले नाही. प्रमाणपत्र मिळणार नाही. घर कोणते असे एकट्याने येऊन विचारले, तर आईची परवानगी घेऊन आम्ही पत्ता सांगू.